आठ दोर, आठ माणसे

आपल्याकडे घंटा वाजवायला दुसऱ्या कोणाची गरज पडत नाही. देवळाच्या पायऱ्या चढाव्यात, हात वर करावा, एक टोल द्यावा आणि नमस्कार करावा. लेकराचा हात पोचत नसला तर बाप त्याला उचलून धरतो, एवढाच काय तो सहकार. शाळेतही तीच रीत. शिपाई एकटा येतो, टोल देतो आणि पोरे उधळतात. घंटा म्हटली की एक माणूस आणि एक टोल, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे.

इंग्लंडात मात्र चर्चच्या मनोऱ्यातील घंटांची एक निराळीच विद्या आहे, आणि ती एकट्याला मुळीच साधत नाही. आठ घंटा असल्या तर तिथे आठ माणसे लागतात. सात आली आणि आठवा घरी पांघरूण घेऊन पडून राहिला, तर त्या दिवशी आठांचा डाव मांडता येत नाही. गेली सुमारे चारशे वर्षे तिथले सुतार, लोहार, विणकर, शेतमजूर, मास्तर आणि अधूनमधून एखादा पाद्री असे लोक मनोऱ्याचा अरुंद, वळणावळणाचा जिना चढून जातात, एकेक दोर हाती धरतात आणि गोलाकार उभे राहतात. मी पेशाने मास्तर आणि सवयीने कादंबरीकार. त्यामुळे घंटेपेक्षा दोर धरणाऱ्या माणसाकडे माझे लक्ष आधी जाते. त्या माणसांची, म्हणजे त्यांच्या मंडळांची, ही हकीकत.

चर्चच्या घंटेची आणि मराठी माणसाची ओळख तशी जुनी आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि त्या आपल्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकराला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही पाहायला मिळतात. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे, आणि तिच्या शेजारी महादेव सुखाने नांदतो आहे. पण या घंटा सुट्या आल्या आणि इथे येऊन इथल्याच झाल्या. एक माणूस, एक टोल ही आपली रीत त्यांनी बिनतक्रार पत्करली.

संचाने आलेल्या घंटा हव्या असतील तर पुण्यात गुरुवार पेठेत जावे लागते. पंचहौद मिशनचे नाव मराठी वाचकाला सांगायला नको. १८९० साली तिथे लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींपुढे चहाबिस्किटे आली आणि त्या चहाच्या पेल्यात साऱ्या पुण्याने वादळ पाहिले. त्याच आवारात पवित्र नाम देवालय आहे. त्याच्या उंच मनोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आठ घंटा चढवल्या गेल्या. त्या ओतल्या होत्या इंग्लंडातील लफबरो गावच्या टेलर यांच्या कारखान्यात. चहाच्या ग्रामण्यावर आपण पुष्कळ लिहिले. त्या आठ घंटा कोणत्या विद्येसाठी ओतल्या जातात, याची मात्र फारशी कोणी चौकशी केलेली दिसत नाही.

तर आधी त्या विद्येविषयी थोडेसे.

इंग्लंडातील ही घंटा नुसती लोंबकळत नसते. ती एका भक्कम आडव्या तुळईला जखडलेली असते आणि तिच्या बाजूला एक मोठे लाकडी चाक असते. दोर त्या चाकाच्या खाचेतून फिरून तक्तपोशीला पाडलेल्या भोकातून खालच्या खोलीत उतरतो. वाजवण्याआधी घंटेला झोके देत देत वर चढवतात. शेवटी ती आभाळाकडे तोंड करून उलटी उभी राहते, जणू पाणी भरायला ठेवलेली कळशी. आता दोर जरासा ओढला की तिचा तोल जातो. ती पूर्ण वळसा घेऊन खाली येते, पलीकडून वर जाते आणि पुन्हा उलटी उभी राहते. या एका वळशात टोल एकच पडतो. पुढच्या ओढीला तोच वळसा उलट दिशेने, आणि पुन्हा एक टोल.

घंटा कांशाची, म्हणजे सुमारे तीन वाटे तांबे आणि एक वाटा कथील अशा धातूची. सर्वांत जड घंटेचे वजन गावातल्या मनोऱ्यातही काही मणांचे असते, आणि लिव्हरपूलच्या अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये ते चार टनांवर जाते. तरीही हे काम ताकदीचे नव्हे, वेळ साधण्याचे आहे. दोराला हाताशी लोकरीचा गुबगुबीत रंगीत पट्टा गुंफलेला असतो. तो केव्हा धरायचा आणि केव्हा सोडायचा, हे कळले पाहिजे. सोडायला उशीर झाला तर दोर माणसाला उचलून छताकडे नेतो. म्हणून नवशिक्याच्या समोर कितीतरी आठवडे एक जाणता माणूस उभा असतो, आणि तोंडाने सूचना देत असला तरी डोळा शिष्याच्या हातांवरून हलवत नाही.

वळसा घेणारी घंटा मध्येच थांबवता येत नाही. फार तर ती उलटी असताना क्षणभर तोलून धरता येते, किंवा थोडी आधी खाली सोडता येते. म्हणजे रांगेत तिला एकच जागा पुढे किंवा एकच जागा मागे जाता येते. अशा घंटांवर गाण्याची चाल कशी वाजणार? ती वाजत नाहीच. मग त्या लोकांनी काय केले? आपल्याकडे गाणे शिकणारी मुलगी सा-रे-ग-म घोळवून जे करते तेच: पलटे. चार घंटा घ्याव्यात, सर्वांत बारीक आवाजाची पहिली आणि सर्वांत खर्जाची चौथी. त्या अशा वाजतात:

१ २ ३ ४
२ १ ४ ३
२ ४ १ ३
४ २ ३ १
४ ३ २ १
३ ४ १ २
३ १ ४ २
१ ३ २ ४
१ २ ३ ४

वाचकांनी एकट्या १ या आकड्यावर बोट ठेवून वरून खाली यावे. पालखीच्या गर्दीत एखादा पोरगा शेजाऱ्याशी जागा बदलत बदलत मागे जावा आणि तसाच पुन्हा पुढे यावा, तसा तो सरकतो. उरलेले तिघेही तेच करीत असतात. या विद्येचे नियम दोनच. कोणतीही ओळ पुन्हा वाजता कामा नये, आणि शेवटी सर्वांनी आपापल्या मूळ जागी परत यायचे.

चार घंटांच्या अशा ओळी होतात २४. एकदा वर्गात मी मुलांना पाटीवर या साऱ्या ओळी मांडायला सांगितल्या होत्या. पाच-दहा मिनिटांत बहुतेकांनी २४ पुऱ्या केल्या. मग पाच आकडे दिले. १२० ओळी व्हायला हव्या होत्या, पण तास संपेपर्यंत अर्ध्याअधिक पाट्यांवर त्याच त्या ओळी पुन्हा आल्या होत्या, आणि 'तुझी चुकली' 'तुझीच चुकली' असा गलका माजला होता. सहा घंटांच्या ७२०. सातांच्या ५,०४०. आठांच्या ४०,३२०. बारा घंटांच्या ४७ कोटी ९० लाख १ हजार ६००. त्या रात्रंदिवस न थांबता वाजवल्या तरी पस्तीस वर्षे पुरणार नाहीत.

हा ५,०४० चा आकडा माझ्या ओळखीचा होता. तो इंग्लंडातला नव्हे, आपल्या देवगिरीचा. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या पदरी, शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. हुद्द्याने तो हिशेबाच्या खात्याचा मुख्य आणि वृत्तीने संगीतशास्त्रज्ञ. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात सात स्वर किती प्रकारांनी उलटसुलट मांडता येतात याचा हिशेब दिला: ५,०४०. कितव्या क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तान कितवी, हे काढण्याचे कोष्टकही त्याने रचले. त्याला त्याने खंडमेरू असे नाव दिले. त्याच्याही आधी, ११५० सालच्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी विचारले आहे की, विष्णूच्या चार हातांतील चार आयुधे अदलून बदलून किती मूर्ती होतील, आणि शंकराच्या दहा हातांतील दहा वस्तूंच्या किती? उत्तरे २४ आणि ३६,२८,८००.

यात कोणी कोणाचे पाहून लिहिले असे नाही. इंग्लंडातील घंटावाल्याला शार्ङ्गदेव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. फरक पाहायचा तो दुसराच. आपल्याकडे हा हिशेब पंडिताने पोथीत मांडला. तिथे तो दोर ओढणाऱ्या माणसांनी हातांनी वाजवला.

*

ही विद्या सतराव्या शतकात आकाराला आली. लंडनमध्ये 'एन्शंट सोसायटी ऑफ कॉलेज यूथ्स' नावाचे घंटावादकांचे मंडळ आहे. ते आपली स्थापना १६३७ ची सांगते, आणि आजही ते चालू आहे. १६६८ साली या विषयावरचे पहिले पुस्तक निघाले. ते रिचर्ड डकवर्थ याने लिहिले आणि फेबियन स्टेडमन याने प्रसिद्ध केले. स्टेडमन छापखान्यात उमेदवारी केलेला माणूस होता. खिळे जुळवता जुळवता अक्षरांची अदलाबदल त्याच्या बोटांत भिनली असेल काय, असे मला आपले वाटते. १६७७ साली त्याने स्वतःचा ग्रंथ काढला. त्याच्या नावाची वादनपद्धती आजही मनोऱ्यांतून वाजते.

त्याच काळात बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी एका तरुण कल्हईवाल्याला घंटांचे मोठे वेड होते. पुढे त्याचे मन धर्माकडे वळले आणि घंटा वाजवण्यातला आनंद त्याला पाप वाटू लागला. त्याने दोर सोडला, पण पाय सुटेनात. तो मनोऱ्याखाली उभा राहून नुसता पाहू लागला. मग मनात आले, घंटा तुटून अंगावर पडली तर? म्हणून तो दारात सरकला. मग वाटले, मनोराच कोसळला तर? हे सारे त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्याचे नाव जॉन बन्यन. त्याच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' या ग्रंथाचा मराठी अवतार हरि केशवजी यांनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने काढला, आणि मराठी कादंबरीचा इतिहास लिहिणारे त्याची आठवण काढल्यावाचून पुढे जात नाहीत. तेव्हा आम्हा कादंबरीवाल्यांचे या घंटांशी असे दूरचे का होईना, नाते आहे.

यानंतरची मोठी तारीख म्हणजे २ मे १७१५. नॉरिच हे त्या काळी विणकरांचे शहर. तिथल्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चच्या मनोऱ्यात ५,०४० पलटे, एकही ओळ पुन्हा न वाजवता, ३ तास १८ मिनिटांत पुरे झाले. असे काम खरेपणाने पुरे झाल्याची ही पहिली नोंद. ती मनोऱ्यातल्या फळीवर रंगवून ठेवलेली आहे. कागद हाती घेऊन वाजवण्याची सोय या विद्येत नाही, दोन्ही हात दोराला गुंतलेले असतात. सव्वातीन तास प्रत्येकाने आपली वाट डोक्यात धरून चालायची. त्यांतला एक जण म्होरक्या असतो. तो ठरल्या जागी एखादा शब्द पुकारतो आणि त्या शब्दावर काही घंटा आपली वाट बदलतात. एकाचे ध्यान सुटले तर त्याची चूक शेजाऱ्याला लागते, शेजाऱ्याची तिसऱ्याला, आणि घटकाभरात आठही घंटांचा काला होतो. मग म्होरक्या 'थांबा' म्हणतो. तीन तास झाले असले तरी तो डाव बाद. पुन्हा पहिल्यापासून.

या माणसांना संत समजण्याचे मात्र कारण नाही. अठराव्या शतकातील मनोरा म्हणजे चर्चच्या आत असूनही चर्चच्या हुकुमाबाहेरचे संस्थान होते. मंडळाची मातीची भलीमोठी सुरई असे आणि तिच्यात बिअर भरलेली असे. अशा कित्येक सुरया आज संग्रहालयांत मांडून ठेवल्या आहेत. भिंतीवर पद्यात नियम लिहिलेले असत: टोपी घालून दोर धरला तर इतके पेन्स दंड, बुटाला घोड्याची आर लावून आला तर इतके, शिवी हासडली तर इतके. दंडाच्या पैशांचे काय होत असेल हे सुरईकडे पाहून सांगता येते. सर्वांत मोठी तक्रार अशी की हे लोक सगळ्या गावाला प्रार्थनेला बोलावत, आणि स्वतः मात्र घंटा थांबताच मागच्या दाराने गुत्त्याकडे जात.

पाद्री आणि घंटावाले यांचे हे भांडण पिढ्यान् पिढ्या चालले. १८२१ साली बिटन गावच्या एलकूम नावाच्या पाद्र्याने त्यावर यंत्राचा उपाय शोधला. घंटा हलवायच्याच नाहीत. प्रत्येकीखाली एक हातोडा बसवायचा आणि सगळ्या हातोड्यांचे दोर एका चौकटीत आणून ठेवायचे. मग एकच माणूस, वाटल्यास एक पोरगा, आठही घंटा वाजवू शकतो. मंडळाचा पाडाव एका झटक्यात! ही चौकट गावोगाव बसली. आजही कित्येक ठिकाणी ती आहे.

पण हा उपाय म्हणजे दिंडीतले टाळकरी भांडतात म्हणून दिंडीच मोडून टाकण्यासारखा होता. उलट्या उभ्या राहून पूर्ण वळसा घेणाऱ्या घंटेचा आवाज हातोड्याच्या ठोक्याला येत नाही, हे कान असलेल्या कोणालाही कळे. स्वतः एलकूम पुढे घंटांचा मोठा अभ्यासक झाला. डेव्हन परगण्यातील चर्चांच्या घंटांवर त्याने १८७२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मनोऱ्यांची शिस्त सुधारण्याच्या चळवळीत त्याचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. आता पाद्री स्वतःच जिना चढून दोर धरायला शिकू लागले. परगण्यापरगण्याचे संघ निघाले. १८९१ साली सर आर्थर हेवुड यांच्या पुढाकाराने त्या सर्वांची मध्यवर्ती परिषद भरली. १९११ पासून 'द रिंगिंग वर्ल्ड' हे साप्ताहिक निघू लागले. कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, किती पलटे, किती वेळात, आणि कोणत्या दोरावर कोण, हे सारे त्यात नावानिशी छापतात. एरवी ज्याचे नाव कधी छापून येत नाही अशा माणसाला त्या चार ओळींचे मोल काय असते, हे दिवाळी अंकात पहिली गोष्ट छापून आलेल्या कोणालाही विचारावे.

बायकांना या खोलीत शिरकाव मिळायला मात्र वेळ लागला. हे काम पुरुषी बळाचे, असे पुरुषांनी परस्पर ठरवून टाकले होते. १८९६ साली ॲलिस व्हाइट नावाच्या तरुणीने पुरा डाव वाजवून दाखवला. १९१२ साली स्त्रियांचा स्वतंत्र संघ निघाला. आणि मग दोनच वर्षांत असा प्रसंग आला की, पुरुषांचे दोर रिकामे लोंबकळू लागले.

*

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. गावचे मंडळ म्हणजे त्या गावचे धडधाकट तरुण. ते सगळेच भरती झाले. त्यांतले १,४०० हून अधिक घंटावाले परत आले नाहीत. मध्यवर्ती परिषदेने त्यांची नावे एका ग्रंथात लिहून ठेवली. आठांच्या मंडळातून दोघे-तिघे गेले म्हणजे काय होते, हे वेगळे सांगायला नको. क्रिकेटच्या संघात बदली खेळाडू घेता येतो. पण ज्याच्या शेजारी दहा वर्षे दोर ओढला, ज्याच्या खांद्याच्या हालचालीवरून आपला क्षण ओळखला, त्याच्या जागी दुसरा उभा करणे सोपे नसते. नोव्हेंबरातील स्मृतिदिनी तिथे घंटेच्या लोलकाला एका बाजूने कातडे बांधतात. मग एक ओळ खणखणीत वाजते आणि पुढची दूर डोंगराआडून आल्यासारखी दबकी. जिवंत माणसाने हाक मारावी आणि गेलेल्याने ओ द्यावी, तसे ते ऐकू येते.

दुसऱ्या महायुद्धात घंटाच मुक्या झाल्या. जून १९४० मध्ये सरकारने हुकूम काढला की, चर्चची घंटा वाजवायची ती शत्रूचे छत्रीधारी सैनिक उतरले तरच. ज्या आवाजाने लग्नाची आणि रविवारची वर्दी दिली, तो आता संकटाची खूण झाला. हात आखडू नयेत म्हणून मंडळी लहान हातघंट्या घेऊन घरी बसून सराव करीत. पुढे १९४२ च्या शरद ऋतूत एल अलामेनची लढाई जिंकली. त्या सैन्यात आपली चौथी भारतीय डिव्हिजनही होती. त्या विजयासाठी १५ नोव्हेंबर १९४२ या रविवारी देशभर घंटा वाजवण्याची मुभा मिळाली. दोन वर्षे कोणी हात न लावलेल्या घंटा, जागोजाग अर्धीमुर्धी उरलेली मंडळे, आणि ऐकायला सगळा देश! १९४३ मध्ये बंदी उठली.

या विद्येतला सर्वांत अवघड डाव मात्र शांततेच्या काळातला आहे. आठ घंटांचे सगळेच्या सगळे ४०,३२० पलटे वाजवायचे, हे जुने स्वप्न होते. १७६१ साली केंट परगण्यातील लीड्स गावी ते २७ तासांत पुरे झाले, पण माणसे पाळीपाळीने बदलली होती. आठांनीच, एकानेही दोर न सोडता, ते करायचे म्हणजे काय? खाणे नाही, बसणे नाही, बाहेर जाणे नाही, आणि चूकही नाही. २७ आणि २८ जुलै १९६३ या दोन दिवसांत ते झाले. आठ जणांनी १७ तास ५८ मिनिटे दोर ओढले आणि शेवटी घंटा पुन्हा १, २, ३, ४, ५, ६, ७, ८ अशा वाजत आपापल्या मूळ जागी आल्या. हे कोठे घडले? लफबरोला, टेलरांच्या कारखान्याच्या मनोऱ्यात. ज्या कारखान्यातून आपल्या पुण्याच्या आठ घंटा आल्या, त्याच.

*

येथे मला राहून राहून एक विचार येतो. घंटा ओतता येते. ती पेटीत घालून जहाजावर चढवता येते, मुंबईच्या बंदरात उतरवता येते, घाट चढवून पुण्याला नेता येते, दोर आणि चाकासकट मनोऱ्यात टांगता येते. मंडळ मात्र जहाजातून पाठवता येत नाही. ते त्या त्या गावच्या मातीत, वर्षानुवर्षे, एकेका शिष्याच्या समोर उभे राहून वाढवावे लागते. इंग्लंडात असे मनोरे हजारोंनी आहेत आणि तिथून लोक जिथे जाऊन पिढ्यान् पिढ्या वसले त्या ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत काही थोडे आहेत. आपल्याकडे ही विद्या गावोगाव पसरली नाही, यात नवल नाही. आपली सामुदायिक वादनाची हौस टाळ-मृदंगाने आणि ढोल-ताशाने केव्हाच भागवली होती.

आणि तिथे तरी सारे आलबेल आहे असे कुठे आहे? चर्चमध्ये येणारी माणसे घटली, गावे ओस पडली, तरुण शहरांत गेले. आठांपैकी पाच दोर कुलूपबंद खोलीत लोंबकळत असलेले मनोरे तिथेही आहेत. २०१८ साली पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीला शंभर वर्षे झाली. तेव्हा परिषदेने आवाहन केले की, त्या युद्धात गेलेल्या १,४०० घंटावाल्यांच्या जागी १,४०० नवे लोक पुढे या. हाकेला ओ देणारे त्याहून अधिक निघाले. पुढे मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली. एका लहानशा खोलीत आठ माणसांनी खांद्याला खांदा लावून उभे राहणे शक्य नव्हते. युद्धानंतर पहिल्यांदाच मनोरे पुन्हा गप्प झाले. ती साथ ओसरल्यावर, ६ मे २०२३ ला राजे तिसरे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकासाठी पुन्हा नवी माणसे शिकवून तयार केली गेली. त्यांतले सगळेच टिकतील असे नाही. आपल्या भजनी मंडळातही आषाढीला पंचवीस जण असतात, आणि पौषातल्या थंडीत पेटीवाला, मृदंगवाला आणि दोन म्हातारे उरतात. खरे मंडळ ते पौषातले.

या लोकांची एक रीत मला फार आवडते. घंटा वाजवता येणारा माणूस परगावी गेला की, सरावाच्या संध्याकाळी तिथल्या मनोऱ्याचा जिना खुशाल चढून जातो. कोणाची ओळख नसते. वर गेल्यावर त्याला 'कोण, कुठले' विचारण्याच्या आधी 'कोणता दोर घेता?' असे विचारतात. तो आला म्हणजे कदाचित आठ पुरे झाले असतील! वारीत चुकलेल्या माणसाला दुसऱ्या दिंडीने टाळ हाती द्यावा, त्यातलाच हा प्रकार. आणि यात तो चर्चला जातो की नाही, देव मानतो की नाही, अशी चौकशी बहुधा कोणी करीत नाही. वेळेवर आला आणि वेळेवर दोर ओढला, एवढी श्रद्धा पुरते.

आठ घंटांपैकी कोणतीही एक ऐकली तर तीत काही विशेष नसते. ठराविक अंतराने पडणारा एक टोल, बस्स. जे आहे ते रांगेत आहे, शेजाऱ्याला वाट देण्यात आणि आपल्या पाळीला चुकवू न देण्यात आहे. म्हणून तिथले जुने शिक्षक नवशिक्याला सांगतात की, स्वतःच्या घंटेकडे कान देऊ नको, सगळ्यांच्या ऐक. आपली आपोआप जागेवर येईल. मास्तर म्हणून सांगतो, ही शिकवण मी वर्गात अनेक प्रकारांनी दिली आहे, पण इतक्या थोड्या शब्दांत मला ती देता आली नाही.

दिवाळीच्या सुटीत पुण्याला जाणारे वाचक पुष्कळ असतील. तुळशीबाग झाली, सारसबाग झाली की एखाद्या संध्याकाळी गुरुवार पेठेकडेही पाय वळवावेत. मुलांना बरोबर न्यावे आणि तो उंच मनोरा दाखवावा. वर आठ घंटा आहेत, म्हणावे. आणि मग विचारावे, आठ घंटा वाजवायला माणसे किती लागतील? 'एक' असे उत्तर आले तर घरी आल्यावर पाटीवर १, २, ३, ४ लिहून द्यावेत आणि फराळाचे ताट येईपर्यंत २४ ओळी मांडायला बसवावे.